शिवडीच्या बारा चाळी : मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,



२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या, आणि १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या जन्मल्या, वाढल्या आणि निवर्तल्या, अशा माणसांना ५०० चौरस फुटांचे, मालकीचे आणि स्वतंत्र स्वच्छतागृह असलेले घर याच शहरात, किंबहुना त्याच वस्तीत मिळू शकते, हे मुंबईने प्रत्यक्ष पाहिले. त्या आनंदात मीही मनाने सहभागी होतो. परंतु त्याच सुमारास शिवडीच्या चाळींतील माणसे काय विचार करीत असतील, हा प्रश्न मनातून जाईना, आणि तो प्रश्न शेवटी आपल्याच कार्यालयाच्या दाराशी येऊन थांबतो, म्हणून हे पत्र.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळी ज्या खात्याने, ज्या नमुन्यावर आणि ज्या दशकात बांधल्या, त्याच खात्याने, त्याच नमुन्यावर आणि त्याच दशकात शिवडीच्याही बारा चाळी बांधल्या. एकूण २०७ चाळींपैकी १९५ चाळींचा पुनर्विकास राज्य सरकारने २०१६ साली म्हाडाकडे सोपविला. उरलेल्या बारा वगळल्या गेल्या, त्या रहिवाशांच्या कसल्याही अपात्रतेमुळे नव्हे आणि इमारती अधिक भक्कम आहेत म्हणूनही नव्हे, तर केवळ त्यांच्या पायाखालची जमीन आपल्या संस्थेची, म्हणजेच केंद्र सरकारच्या अखत्यारीतली आहे म्हणून. इमला राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, जमीन बंदराकडे, आणि मधल्या पत्रव्यवहाराची झळ मात्र खोलीत राहणाऱ्या माणसाला, अशी ही स्थिती आहे. हे पत्र लिहीपर्यंत शिवडीच्या एकाही खोलीच्या जागी नवे घर उभे राहिलेले नाही.

या चाळींचा उगम आपल्या बंदराच्या व्यापारापासून वेगळा काढता येत नाही, याचे स्मरण येथे करून देणे मला आवश्यक वाटते. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची जी भयंकर टंचाई निर्माण झाली तिच्यावर उपाय म्हणून तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाले आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या त्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास. खोल्यांच्या भाड्यातून खर्चाची तोंडमिळवणी होणार नाही हे सरकार जाणून होते, म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. म्हणजे गोदीकामगाराने पाठीवर वाहिलेली आणि गिरणी कामगाराने कातून विणून संपविलेली जी गाठ, तिच्यावरच्याच आकारणीतून त्या कामगारांच्या निवाऱ्याला साहाय्य झाले. आपल्या बंदराच्या भरभराटीत आणि त्या चाळींच्या भिंतींत जो पैसा गेला तो एकाच व्यापारातून आलेला होता, आणि आज त्या भिंतींना आपण परक्या मानावे, हे इतिहासाला धरून होत नाही.

शिवडीच्या त्या चाळींतून मी हिंडलो आहे. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांबच लांब अंधारी वाट, तिच्या दोहो बाजूंना दहा-दहा खोल्या, आणि शेवटी सर्वांसाठी मिळून संडास. दिवसाढवळ्याही त्या वाटेत दिवा लावावा लागतो. दोन्ही भिंतींना लागून पाण्याची पिंपे, शिलाई यंत्रे, शाळेची दप्तरे आणि गुंडाळून ठेवलेली अंथरुणे अशी मांडलेली असतात की, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभे राहावे लागते. रात्री घरातली तरुण मुले हीच अंथरुणे या वाटेत पसरून निजतात. खोलीत एका कोपऱ्यात मोरी, तिच्या वर भांड्यांची फळी, आणि त्याच्याही वर घरातल्याच कुणी पदरमोड करून घातलेला लाकडी माळा, ज्यावर बसून एखादी मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, कारण खाली आजी आजारी असते आणि दूरदर्शन संच चालू असतो. छताच्या सिमेंटचे पोपडे निघून आतल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. एका खोलीत मला असे दिसले की, पाळण्याची दोरी ज्या कडीला बांधली होती तिच्या सभोवतालचा गिलावा पडला होता, म्हणून घरच्यांनी पाळणा हातभर बाजूला सरकवून दुसरी कडी ठोकली होती. अशा घरांतून बंदरात राबलेले, गिरण्यांत राबलेले, पोलीस दलात आणि महापालिकेत नोकरी केलेले लोक आपापल्या उताराच्या वयात बसून आहेत, आणि त्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे: “वरळीचं झालं, आमचं कधी?”

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर देणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे; परंतु आपल्या संस्थेची ही जमीन तिच्याकडे कोणत्या हेतूने आली, हे पाहिल्यावाचून ते उत्तर पूर्ण होत नाही. १८६० च्या दशकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खाजगी कंपनीच्या ताब्यात होता. बंदराचे सर्व तोंड एका कंपनीच्या हाती राहिले तर शहराचा व्यापार तिच्या मर्जीवर चालेल, ही भीती व्यापाऱ्यांनाही वाटली आणि सरकारलाही. म्हणून १८६५ सालच्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर काही वर्षांतच सरकारने त्या कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली किनाऱ्याचा कारभार सार्वजनिक हितासाठी पाहणारी पोर्ट ट्रस्ट ही संस्था अस्तित्वात आली. कर्नल बॅलार्ड हे तिचे पहिले अध्यक्ष, ज्यांचे नाव आपल्या कार्यालयाच्या परिसराला आजही लाभलेले आहे. पुढे १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी बांधली गेली, आणि माझगाव ते शिवडी या पट्ट्यात ५८३ एकर जमीन समुद्रात भराव घालून १९१२ साली तयार झाली. ती माती ज्या हजारो हातांनी टाकली त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. थोडक्यात, ही जमीन खाजगी मक्त्यातून सोडवून सर्वांच्या उपयोगासाठी राखली गेली होती, आणि तिचा उपयोग बदलण्याची वेळ आली असता तो हेतूच प्रथम विचारात घ्यावा लागेल.

आणि ती वेळ आली आहे, यात शंका नाही. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मुंबईचा कंटेनरच्या पेट्यांतून चालणारा बहुतेक व्यापार हळूहळू तिकडे गेला. ज्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांनी १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा तो महाभयंकर स्फोट सोसूनही पुन्हा काम सुरू केले, त्या आज भराव घालून बुजविलेल्या आहेत. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली आपली सुमारे अठराशे एकर जमीन, जिच्याकडे एकेकाळी कोळसा, कापूस आणि लोखंड यांपलीकडच्या दृष्टीने कोणी पाहत नसे, ती या बेटावरची शेवटची मोठी जमीन म्हणून आता सर्वांच्या नजरेत भरू लागली आहे. २०१४ साली पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्षा राणी जाधव यांच्या समितीने तिच्या भवितव्याचा विचार केला. २०१८ साली आपल्या संस्थेला या क्षेत्राचे नियोजन करण्याचा अधिकार मिळाला आणि विकास आराखड्याचा मसुदा पुढे आला. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघणारा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. ज्या शिवडीला जाण्यास कालपर्यंत टॅक्सीवालाही कुरकुर करीत असे, तिच्या भुईचा भाव आता कोणत्या वेगाने वाढेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

अध्यक्ष महोदय, अशी जमीन मोकळी होण्याची घटना या शहरात एकदा घडून गेलेली आहे, आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले ते गिरणगावात जाऊन कोणालाही पाहता येते. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे ६०० एकर जमीन रिकामी होण्याच्या मार्गावर आली. १९९१ च्या विकास नियमावलीत त्या जमिनीविषयी एक न्याय्य तरतूद होती: पुनर्विकास करावयाचा तर एकतृतीयांश जमीन उद्याने व मैदाने यांसाठी महापालिकेला, एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने, सुट्या सुट्या भूखंडांचा विचार न करता गिरण्यांच्या जमिनीचे एकत्रित नियोजन करावे, असे सुचविले. त्या सूचनेचे काही झाले नाही. २००१ साली नियमात असा फेरफार झाला की, ही वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाचीच व्हावी; आणि गिरणीच्या आवारात शेड, चिमण्या व गोदामे दाटीने उभी असल्याने रिकामा भाग तो असणार किती? उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने कौल दिला, परंतु २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार कायम ठेवला. त्यानंतरचे मनोरे आपणही रोज पाहता. दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी घरासाठी अर्ज केले, त्यांतले बहुसंख्य अद्याप वाट पाहत आहेत, आणि ज्या परळ-लालबागेत त्यांचे आयुष्य गेले तेथून कित्येक मैल दूर, बदलापूरच्याही पलीकडे, शेलू आणि वांगणी येथे घरे घ्या, असे आता त्यांना सांगितले जात आहे.

या सगळ्याचा दोष मी आपल्या संस्थेला देत नाही. तिचा त्यात संबंध नाही. माझे म्हणणे एवढेच की, गिरण्यांच्या प्रकरणी माणसांचा वाटा शेवटी उरेल त्यातून द्यावयाचा असे ठरले आणि म्हणून काही उरले नाही. बंदराच्या जमिनीवर तो वाटा सर्वांत आधी काढून ठेवावा लागेल, आणि भाडेपट्ट्यांचा, निविदांचा, किनाऱ्यावरील विहारस्थळांचा आणि प्रवासी जहाजांच्या धक्क्यांचा विचार त्याच्यानंतर करावा लागेल. पट्टे होऊन गेल्यावर माणसांसाठी जागा शोधू लागलो तर ती शेलू-वांगणीलाच सापडणार.

शिवडीच्या चाळींत निदान नळ आहे. रे रोड स्थानकावर उतरून दारूखान्याकडे चालू लागले की, जुन्या जहाजांची दारे, साखळदंड, नांगर आणि शिड्या विकणारी दुकाने लागतात, गॅस-कटरच्या ठिणग्या उडताना दिसतात, आणि त्यांच्यापुढे समुद्रात घुसलेल्या धक्क्यावर कौला बंदर नावाची वस्ती सुरू होते. तेथील हजारो माणसे पिढ्यान् पिढ्या याच शहराचे काम करीत आली आहेत, जहाजे तोडण्याचे, माल वाहण्याचे, घरकामाचे. परंतु जमीन केंद्राच्या संस्थेची असल्याने वस्ती राज्याच्या कायद्याखाली झोपडपट्टी म्हणून घोषित होत नाही, आणि घोषित नसल्याने महापालिकेचे पाणी रीतसर तेथवर पोचत नाही. पाणी येते ते खाजगी विक्रेत्यांकडून: मोटार सुरू होते, रबरी नळी या गल्लीतून त्या गल्लीत खेचत नेली जाते, बायका पिंपे ओळीने मांडून उभ्या राहतात, आणि पिंपाच्या हिशेबाने पैसे मोजले जातात. मलबार हिलवरच्या बंगल्याला पाण्यासाठी जो दर पडतो त्याच्या कितीतरी पट दर कौला बंदरच्या हमालाला पडतो, आणि ज्या दिवशी मोटार बिघडते त्या दिवशी घरातल्या मुलांना शाळा बुडवून कळश्या घेऊन रस्त्यापलीकडे जावे लागते. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने, वस्ती बेकायदेशीर असली तरी तीत राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. त्या न्यायनिर्णयाचा अर्थ कौला बंदरपर्यंत पोचविण्यासाठी आपल्या संस्थेने महापालिकेला जलवाहिनी टाकू देणे एवढेच पुरेसे आहे. तेवढ्याने जमिनीची मालकी तसूभरही सरकत नाही, हे आपले विधी सल्लागारही आपल्याला सांगतील.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. बंदराचे उत्पन्न पूर्वीचे राहिले नाही, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार मात्र मोठा आहे. तेही कामगारच आहेत, आणि त्यांच्या वेतनाला धक्का लावून इतरांना घरे द्या, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. सार्वजनिक मालमत्ता फुकट वाटता येत नाही, हेही खरे. परंतु शिवडीच्या बारा चाळींखालची जमीन म्हणजे अठराशे एकरांतला एक लहानसा तुकडा आहे. बाकीच्या जमिनीतून जे उत्पन्न उभे राहील त्याला त्याने खिंडार पडणार नाही. शिवाय राज्य सरकारकडून त्या तुकड्याचा वाजवी मोबदला किंवा पर्यायी जमीन घेण्याचा मार्ग मोकळा आहेच. दोन सरकारी संस्थांना आपसात हिशेब मिटविता येत नसेल तर त्याची शिक्षा भाडेकरूला का? जमीनदार म्हणून आपल्या संस्थेने कसे वागावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जमशेद होरमसजी वाडिया यांच्या प्रकरणात स्पष्ट मत दिले आहे. भाडेवाढ करण्याचा पोर्ट ट्रस्टचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही; परंतु शासनाचे अंग असलेल्या जमीनदाराला खाजगी मालकाप्रमाणे केवळ नफ्याकडे पाहून वागता येणार नाही, त्याचे वर्तन न्याय्य आणि वाजवी असले पाहिजे, असे बजावले. भाड्याच्या दराला लागू असलेले हे तत्त्व घराच्या पुनर्बांधणीला लागू नाही, असे म्हणणे कठीण आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. किनाऱ्यावर ससून गोदी आणि भाऊचा धक्का येथे मासळीच्या व्यवहारावर जगणारे कोळी आहेत, आणि शिवडीच्या चिखलपट्टीवर दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षीही आहेत. नव्या आराखड्याच्या चित्रांत हे पक्षी हमखास दिसतात आणि ते दिसावेतच; परंतु त्या चित्रांत बर्फाची गाडी ओढणारी माणसे आणि टोपल्या घेऊन पहाटे लिलावाला बसलेल्या कोळिणी मला अद्याप आढळल्या नाहीत, आणि किनारा सर्वांसाठी खुला करावयाचा तर तो त्यांच्यासाठी बंद होऊन चालणार नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की, शिवडीच्या बारा चाळींचा प्रश्न संपूर्ण किनाऱ्याच्या आराखड्याशी बांधून ठेवू नये. आराखडे मंजूर होण्यास वर्षे लागतात, त्यांवर हरकती येतात, सरकारे बदलतात. चाळीच्या छतातल्या सळ्या तोवर थांबणार नाहीत. या बारा चाळींपुरती जमीन मोजून, तिच्यावर वरळी-नायगावच्याच अटींनी पुनर्विकास होऊ देण्यास आपल्या मंडळाने ना हरकत द्यावी आणि केंद्रीय मंत्रालयाकडे तशी स्पष्ट शिफारस करावी. त्यासाठी नवा शोध लावावयाचा नाही की नवी यंत्रणा उभारावयाची नाही. म्हाडाकडे नकाशे आहेत, अनुभव आहे, आणि वरळीला उभ्या राहिलेल्या इमारती साक्षीला आहेत. कौला बंदर आणि किनाऱ्यावरील अन्य वस्त्यांना पाणी देण्याची परवानगी मंडळाच्या येत्या बैठकीतच देता येईल. राहिला प्रश्न उरलेल्या मोठ्या क्षेत्राचा. तेथे कोणताही नवा पट्टा देण्यापूर्वी त्या जमिनीवर राहणाऱ्या व काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद महापालिकेच्या आणि रहिवाशांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी, ती मराठीत प्रसिद्ध व्हावी, तिच्यावर हरकत घेण्यास पुरेशी मुदत असावी, आणि त्यांची घरे बंदराच्याच हद्दीत कोठे बांधावयाची ते नकाशावर दाखविल्याशिवाय पहिली निविदा निघू नये. अशी अट आराखड्याच्या नियमांत शब्दशः घालावी, म्हणजे पुढच्या एखाद्या फेरफारात ती निसटून जाण्यास वाव राहणार नाही.

मंडळाच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर निदान पहिला विषय तरी यावा, आणि त्यावर जो निर्णय होईल तो, अनुकूल असो वा प्रतिकूल, शिवडीच्या रहिवाशांच्या समितीला लेखी आणि कारणांसह कळविण्यात यावा. अनुकूल असल्यास काम कोणत्या तारखेस सुरू होणार तेही त्यात नमूद असावे, एवढी विनंती करून हे पत्र पुरे करतो.

कळावे,

आपला नम्र,
मुंबईचा एक नागरिक